जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांचं गोल बसकर: साडी फाडण्याआधीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत

जुनी साडी फाडायची, पट्ट्यांचा गोळा करायचा आणि क्रोशाच्या जाड सुईने विणायला बसायचं. ऐकायला इतकं सोपं वाटतं की बहुतेक जणी पहिल्याच दुपारी साडीला कात्री लावतात. मग कुणाचं बसकर वाटीसारखं वर उचललं जातं, कुणाच्या पट्ट्या विणता विणता तुटतात, कुणाचं सूत कडेच्या तीन फेऱ्या राहिल्या असताना संपतं. माझ्या पहिल्या बसकराचा रंग दुसऱ्याच आठवड्यात पाहुण्यांच्या पांढऱ्या पायजम्याला लागला. या सगळ्या चुकांचं मूळ विणण्यात कमी आणि विणण्याआधीच्या कामात जास्त आहे. म्हणून या लेखातला अर्धा भाग सुई हातात घेण्याच्या आधीचा आहे. तो ओलांडून थेट पुढे जाऊ नका.

इथे नमुना म्हणून ४० सेंटीमीटर व्यासाचं गोल बसकर घेतलं आहे. पहिल्यांदा हेच करा, पिशवी नको. साडीच्या पट्ट्यांची पिशवी वजनाने ताणते, दोन किलो बटाटे घातले की लोंबते. बसकर जमिनीवर पडून असतं, त्यामुळे सुताचा स्वभाव कळेपर्यंत ते तुमच्या चुका सांभाळून घेतं.

१. साडी निवडणं

आधी घरात विचारा. कपाटाच्या तळाशी पडलेली साडी कुणाच्या तरी डोहाळजेवणाची असू शकते, आणि एकदा फाडलेली साडी परत जोडता येत नाही. नुसती एका जागी विरलेली चांगली हातमागाची साडी असेल, तर रफू करून ती नेसणंच योग्य. फाडायला घ्यायची ती जागोजागी डाग पडलेली, काठ गेलेली, पण अंगात अजून दम असलेली साडी.

कापड पूर्ण सुती हवं. खात्री नसेल तर आतल्या बाजूने चार-पाच धागे काढा, चिमट्यात धरा आणि मोरीत, पाण्याची बादली शेजारी ठेवून, पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख उरते. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. उभे आणि आडवे असे दोन्हीकडचे धागे वेगवेगळे तपासा, कारण पुष्कळ साड्यांत ताणा (लांबीचे उभे धागे) एका जातीचा आणि बाणा (रुंदीचे आडवे धागे) दुसऱ्या जातीचा असतो. चंदेरी आणि महेश्वरीत रेशीम आणि सूत असं मिश्रण नेहमी भेटतं. अशी साडी फाडली की कडेने इतके धागे सुटतात की पट्टी हातात निम्मी उरते. इरकलीचं अंग सुती असलं तरी पदर बहुधा रेशमी असतो, तेव्हा पदर वेगळा काढा.

जॉर्जेट, शिफॉन, क्रेप पहिल्या वेळी बाजूलाच ठेवा. ते सरळ रेषेत फाटत नाहीत, कात्रीने कापावे लागतात आणि सुईवरून घसरतात.

२. ताकद तपासणं

ही पायरी सगळ्यात जास्त चुकवली जाते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

साडी लांबीच्या दिशेने फाडायची असते. म्हणजे पट्टीत ताण्याचे धागे लांबच लांब राहतात आणि विणताना सगळा ओढा त्यांच्यावर येतो. तेव्हा तपासायचं ते लांबीच्या दिशेनेच. साडी खिडकीसमोर उजेडात धरा. जिथे कापड जाळीसारखं पारदर्शक दिसतं, तिथे खडूने खूण करा. मग दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांपासून चार बोटांवर ठेवा आणि कापड साडीच्या लांबीच्या दिशेने झटका देऊन ओढा. चांगलं कापड नुसतं ताठ होतं. विरलेल्या कापडातून बारीक ‘टच्’ असा आवाज येतो, एखादा धागा तुटल्याचा. असा आवाज आला की तो भाग बाद.

कुठे ओढून पाहायचं ते ठरलेलं आहे: निऱ्या कमरेत खोचतो तो पट्टा, बसल्यावर घासला जातो तो मागचा भाग, खांद्यावर पिन लागते ती जागा, आणि टाचेकडची कड. फॉल आधी उसवून टाका. फॉलच्या शिलाईने भोकांची एक रांगच पडलेली असते, त्या रेषेवर पट्टीची कड येऊ देऊ नका.

तपासणी: खुणा केलेला भाग साडीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त भरला, तर ही साडी पायपुसण्याच्या आत भरायला ठेवा आणि दुसरी घ्या.

३. खळ आणि रंग काढणं

साडी अख्खी असतानाच धुवायची. पट्ट्या फाडून मशीनमध्ये टाकल्या की दोरखंडासारखा गुंता होतो, तो सोडवताना निम्म्या पट्ट्या फुकट जातात.

खळ असलेली साडी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. सकाळी पाणी गढूळ आणि चिकट लागेल, तो स्टार्च. खळ राहिली तर पट्टी कडक होते, सुईवर सरकत नाही, आणि पावसाळ्यात बसकराला आंबट वास येतो.

रंगासाठी गरम पाणी, थोडी धुण्याची पावडर, अर्धा तास. मग ओल्या साडीवर पांढऱ्या रुमालाचा तुकडा ठेवून अंगठ्याने जोरात वीस वेळा घासा. रुमाल रंगला तर पुन्हा धुवा. तिसऱ्या-चौथ्या धुण्यालाही रुमाल रंगत असेल, तर त्या साडीचं बसकर करू नका. किमान तिच्या शेजारी फिकट रंग तरी विणू नका. माझ्या त्या फसलेल्या बसकरात मरून रंगाच्या साडीच्या जोडीला मोतिया रंग होता. महिन्याभरात मोतिया गुलाबी झाला.

सावधान: मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून सुती साडीचा सुटता रंग पक्का होतो, या समजावर विसंबू नका. कापड रंगवताना मीठ घालतात, ते रंग धाग्यात उतरावा म्हणून. धाग्याच्या अंगावर राहिलेला जास्तीचा रंग मिठाने बसत नाही, तो धुऊनच काढावा लागतो.

साडी पूर्ण वाळू द्या. दमट कापड फाडताना रेषा वाकडी जाते.

४. पट्ट्या फाडणं

काठ दोन्ही बाजूंनी फाडून वेगळे ठेवा, पदर कापून वेगळा ठेवा. साडेपाच मीटरच्या साडीतून पदर गेला की पावणेपाच मीटर अंग उरतं. पन्हा, म्हणजे साडीची रुंदी, ११५ सेंटीमीटर धरला आणि काठ वगळले तर १०० सेंटीमीटरच्या आसपास. ४ सेंटीमीटरची एक पट्टी धरली तर २५ पट्ट्या, म्हणजे जवळपास ११५ मीटर सूत. लुगडं असेल तर लांबी सव्वाआठ मीटर, त्या मानाने सूत जास्त आणि जोड कमी. म्हणून आजीचं जुनं सुती लुगडं मिळालं तर मला ते साडीपेक्षा आवडतं.

रुंदी कापडाच्या जाडीवरून ठरवा. मलमलीसारखी पातळ साडी असेल तर ४ ते ५ सेंटीमीटर, जाड हातमागाची असेल तर ३. मोजायचा एक साधा उपाय आहे. पट्टी दोन बोटांत गोल वळा. वळलेली दोरी साधारण आपल्या करंगळीच्या निम्म्या जाडीची झाली पाहिजे.

कापलेल्या टोकाला मोजपट्टी ठेवून पेन्सिलने खुणा करा, प्रत्येक खुणेवर ३ सेंटीमीटरचा काप द्या आणि एका दमात फाडा. पहिली पट्टी एखाद्या वेळी एका टोकाला निमुळती होते. ती फेकून द्या, दुसरीपासून धाग्याची सरळ रेषा मिळते. फाडताना कडेला दशा सुटतात. लांब सुटलेले धागे लगेच ओढून काढा, छोट्या दशा राहू द्या. बसकराला जी मऊ, थोडी केसाळ पोत येते ती त्यांचीच.

हे काम गच्चीत किंवा अंगणात करा आणि नाकाला रुमाल बांधा. जुन्या सुताची पूड इतकी उडते की उन्हाच्या तिरिपेत ती तरंगताना दिसते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावं.

सगळी साडी एकाच नागमोडी पट्टीत कापायची युक्ती व्हिडिओंत दाखवतात: टोकाला थोडं कापड जोडलेलं ठेवायचं आणि पुढच्या पट्टीकडे वळायचं. त्याने जोड वाचतात हे खरं, पण प्रत्येक वळणावर एक टोकदार कान तयार होतो. तो विणीतून बाहेर डोकावतो आणि बसताना टोचतो. मी जोड देणंच पसंत करते.

५. जोड आणि गोळा

गाठी मारू नका. गाठ बसकराच्या खालच्या बाजूला खड्यासारखी लागते आणि वर आली तर दिसते.

चिरेचा जोड असा:

- दोन्ही पट्ट्यांच्या टोकांपासून दीड सेंटीमीटर आत, लांबीच्या दिशेने १ सेंटीमीटरची चीर द्या.
- जुन्या पट्टीचं टोक नव्या पट्टीच्या चिरेतून ओवून वर काढा.
- नव्या पट्टीचं दुसरं, मोकळं टोक जुन्या पट्टीच्या चिरेतून ओवा आणि सगळी पट्टी ओढून घ्या.
- शेवटी दोन्ही बाजूंनी हळूच ताणा. दोन फास एकमेकांत बसतात आणि सपाट होतात.

तपासणी: जोड दोन्हीकडे धरून विणताना लावाल तितक्याच जोराने ओढा. चीर फाटत पुढे गेली तर कापड जोडासाठी पातळ आहे. मग टोकं ३ सेंटीमीटर एकमेकांवर ठेवून सुईदोऱ्याने धावदोरा घाला. वेळ जास्त लागतो, पण टिकतं.

गोळा सैल गुंडाळा. घट्ट गोळ्यात पट्टी सुरकुतून दोरीसारखी पीळ खाते. सुताचं एकूण वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून लिहून ठेवा, ते पुढे लागणार आहे.

६. सुई आणि टाका

१० मिलिमीटरची सुई घ्या, पट्टी बारीक असेल तर ८ ची. लेससाठी वापरतात त्या बारीक स्टीलच्या सुया इथे चालत नाहीत: त्या कापडात घुसतात, पट्टी चिरतात आणि मनगट दुखवतात. सुई पेन्सिलसारखी न धरता चाकूसारखी मुठीत धरा, आणि दर वीस मिनिटांनी हात मोकळे करा. हे सूत लोकरीसारखं लवचीक नाही, सगळा जोर मनगटावर येतो.

टाका एकच लागतो, मुका खांब: घरात (म्हणजे आधीच्या टाक्याच्या वरच्या फासात) सुई घाला, पट्टी ओढून घ्या, सुईवर दोन फास झाले की पुन्हा पट्टी घेऊन दोन्हींतून एकदम ओढा. परदेशी नमुना वाचत असाल तर तो अमेरिकन की ब्रिटिश ते आधी बघा. अमेरिकन नमुन्यात या टाक्याला सिंगल क्रोशे म्हणतात, ब्रिटिश नमुन्यात त्यालाच डबल क्रोशे. नाव चुकीचं धरलं की सगळी वीण उंच आणि भोकाभोकांची होते.

७. नमुना विणणं

चार फेऱ्यांचा छोटा गोल विणा आणि तो धुऊन वाळवा. वाळल्यावर तीन गोष्टी बघा: तो सपाट राहतो का, बोटाने दाबल्यावर मऊ लागतो का, आणि मोजमाप किती बदललं. पुठ्ठ्यासारखा कडक झाला तर सुई एक नंबर जाड घ्या. टाक्यांमधून फरशी दिसत असेल तर बारीक घ्या. नमुना फुकट जात नाही, गरम भांड्याखाली ठेवायला तो कामी येतो.

ही पायरी टाळली की पुढे दहाव्या फेरीला उसवावं लागतं. आणि साडीची पट्टी दोन वेळा उसवली की तिच्या दशा सुटून ती बोटभर बारीक होते. लोकरीसारखं पुन्हा पुन्हा उसवून विणणं हिला सोसत नाही.

८. बसकर विणणं

मध्यभागासाठी ओढून घट्ट करायचा फास या सुतात नीट आवळला जात नाही. त्याऐवजी २ साखळ्या घाला (सुईवरच्या फासातून पट्टी एकदा ओढली की एक साखळी) आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत ६ मुके खांब विणा. पुढे फेरी न जोडता गोल गोल चालत राहा. फेरीच्या पहिल्या टाक्याला सेफ्टी पिन लावा आणि ती दर फेरीला वर सरकवा.

- पहिली फेरी: ६ टाके.
- दुसरी फेरी: प्रत्येक घरात २, एकूण १२.
- तिसरी फेरी: एका घरात १, पुढच्या घरात २, असं सहा वेळा. एकूण १८.
- चौथी फेरी: दोन घरांत १-१, पुढच्या घरात २, असं सहा वेळा. एकूण २४.

पुढे दर फेरीला ६ टाके वाढतात, आणि दोन वाढींमधलं साध्या टाक्यांचं अंतर दर फेरीला एकाने वाढतं.

वाढ मात्र दर फेरीला नेमकी आधीच्या वाढीवरच करू नका, नाहीतर गोलाचा षटकोन होतो. म्हणून पाचव्या फेरीपासून एक फेरी सोडून पुढच्या फेरीची सुरुवात दोन-तीन साध्या टाक्यांनी करा आणि तेवढे टाके फेरीच्या शेवटी कमी घ्या. वाढी विखुरतात आणि कड गोल राहते.

तपासणी, दर दोन फेऱ्यांनी: काम फरशीवर ठेवा आणि तळहाताने दाबून सोडा. कड वर उचलली गेली, वाटीसारखी, तर टाके कमी पडताहेत किंवा हात घट्ट आहे. पुढच्या फेरीत ६ ऐवजी ८ वाढवून पाहा. कडेला झालर पडली तर टाके जास्त झाले, एक फेरी न वाढवता विणा. पुढे गेल्यावर आपोआप बसेल, धुतल्यावर सपाट होईल, असं मनाला समजावू नका. होत नाही. झालं ते चार फेऱ्यांतच दुरुस्त होतं.

पट्टी प्रत्येक टाक्याला नीट घडी घालून विणायच्या मागे लागू नका. छापील साडीची उलटी बाजू अधूनमधून दिसणारच, तीच या सुताची शोभा आहे. फक्त सुटलेली लांब दशा टाक्यात अडकू देऊ नका.

९. सूत पुरेल का, याचा हिशेब

८ फेऱ्या झाल्या, गोल २० सेंटीमीटरचा दिसतो आणि वाटतं की निम्मं काम संपलं. इथेच बहुतेक जणी फसतात. पहिल्या ८ फेऱ्यांत मिळून २१६ टाके असतात आणि १६ फेऱ्यांत ८१६. म्हणजे व्यास निम्मा झाला तेव्हा सूत जेमतेम चौथा हिस्सा संपलेलं असतं.

म्हणून आठव्या फेरीला थांबा आणि विणलेला गोल काट्यावर ठेवा. माझ्या हाताने तो ५५ ग्रॅमच्या आसपास भरतो, तेव्हा पूर्ण बसकराला २१० ग्रॅम लागणार. तुमचा आकडा वेगळा येईल. त्याला चारने गुणा आणि गोळ्याच्या सुरुवातीच्या वजनाशी ताडून बघा. कमी पडत असेल तर आत्ताच ठरवा: दुसऱ्या साडीचा रंग इथून दोन-दोन फेऱ्या आलटून पालटून घ्या. शेवटच्या तीन फेऱ्यांत अचानक आलेला परका रंग ठिगळासारखा दिसतो, आठव्या फेरीपासून आलेला मुद्दाम केल्यासारखा.

काठ जरीचे नसतील तर ते शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवा. मी मागे एका गंगा-जमुना काठाच्या साडीचं बसकर केलं. एका काठाची हिरवी पट्टी अर्ध्या कडेला, दुसऱ्याची लाल उरलेल्या अर्ध्याला. काठावरची बारीक रुईफुलांची नक्षी विणीत मोडली, पण जिची साडी होती त्या मावशीने ते बसकर उचलून कडेवरून बोट फिरवलं आणि काठ लगेच ओळखला. जरीचा काठ मात्र वापरू नका, पायाला ओरखडतो.

१०. शेवट आणि निगा

शेवटचे चार टाके उंची कमी करत संपवा: दोन मुके खांब सैल न सोडता घट्ट, मग दोन घरांत सुई घालून पट्टी सरळ सुईवरच्या फासातूनही ओढून घ्यायची. पायरी न दिसता कड मिटते. टोक १० सेंटीमीटर ठेवा, खालच्या बाजूने आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने ओवा, आणि त्याच रंगाच्या दोऱ्याने चार टाके घाला. नुसतं ओवलेलं टोक दुसऱ्या धुण्याला बाहेर येतं.

गुळगुळीत फरशीवर बसकर सरकतं. घरात म्हातारं माणूस असेल तर खाली न सरकणारी रबरी जाळी टाचल्याशिवाय ते वापरात आणू नका.

धुताना बादलीत बुडवून दाबा, पिळू नका. जुन्या टॉवेलात गुंडाळून त्यावर उभं राहिलं की बरंचसं पाणी निघतं. दोरीवर कधीच टांगू नका. ओल्या सुताचं वजन एका कडेवर आलं की गोलाचा अंडाकार होतो आणि परत येत नाही. जाळीवर किंवा उलट्या टोपलीवर आडवं वाळवा, दर दोन तासांनी उलटा. आषाढ-श्रावणात धुणं टाळाच. वरून वाळलेलं वाटलं तरी मधल्या फेऱ्या ओल्या राहतात आणि कुबट वास धरतात.

उरलेल्या पट्ट्यांची भांडी धरायची फडकी विणता येतात. त्यासाठी मात्र पहिल्या पायरीतली धागा जाळून बघायची परीक्षा पास झालेलं, शंभर टक्के सुतीच कापड घ्या. पॉलिस्टरचे थोडे धागे मिसळलेले असले तरी गरम कढईला ते वितळून चिकटतात आणि हात भाजतो.